वाडी कोणी उठवली?

(‘बनगरवाडी’ या कादंबरीवर सातारा आणि सांगली येथे वाचकांच्या दोन बैठका झाल्या. सांगलीच्या बैठकीत केलेल्या समारोपाच्या भाषणाचा हा मजकूर.)



अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कादंबरीवरील चर्चेचा समारोप करण्यास का सांगावे, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्याही मनात आला होता. परंतु गेल्या महिन्यात साताऱ्यास आणि आज येथे मी जे ऐकले, त्यावरून माझी खात्री झाली की आपण सर्वजण साहित्याच्या निमित्ताने अर्थकारणाचाच वाद घालीत होतो. फक्त तो वाद आकडेवारीऐवजी माणसांच्या नावांनी चालला होता. म्हणून बोलायला उभा आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. ‘माणदेशी माणसं’मुळे कथाकार म्हणून ते वाचकांना ठाऊक होते, कादंबरीकार म्हणून त्यांची खरी ओळख या पुस्तकाने झाली. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. वाडीचा म्हातारा कारभारी, भुरट्या चोऱ्या करणारा पण मास्तरावर जीव लावणारा आनंदा रामोशी, सावलीसारखा सोबत राहणारा आयबू, यांच्याशी त्याचे मैत्र जडते. वाडी एकदिलाने तालीम बांधते, तिच्यासाठी राजेसाहेब येतात. पुढे पाऊस दगा देतो, जित्राबे मरू लागतात, माणसे निघून जातात आणि वाडी ओस पडते. अखेर मास्तरही निघतो. कथानक म्हणावे तर एवढेच.

या एवढ्याशा कथानकावर आपली मते किती वेगवेगळी पडली! साताऱ्याचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणाला, “यात काही घडतच नाही, शेवटचे पान येईपर्यंत मी काही घडण्याची वाट पाहत होतो.” त्याच्या शेजारचे निवृत्त शिक्षक अस्वस्थ झाले. त्यांनी हे पुस्तक दर मे महिन्यात वाचण्याचा नेम चाळीस वर्षे पाळला आहे. ही कादंबरी नसून व्यक्तिचित्रांची माळ आहे, हा जुना आक्षेपही एका प्राध्यापिकाबाईंनी मांडला. माण तालुक्यातील धनगर समाजातला एक तरुण शांतपणे म्हणाला, “वाडी उठली म्हणून तुम्ही हळहळता. आमचा वाडा दरसाल उठतो. मेंढरामागे जाणे हे आमचे मरण नव्हे, ते आमचे जगणे आहे.” आज येथे वाळवा तालुक्यातील एका ऊस बागायतदारांनी विचारले, “पाऊस पडला नाही, वाडी उठली; यात दोष कोणाचा?” आणि मागच्या रांगेतून कवठेमहांकाळकडच्या एक बाई एकच वाक्य बोलून खाली बसल्या: “मास्तरला पगार हुता.”

मी जे सांगणार आहे ते बहुतेक या बाईंच्या वाक्यात येऊन गेले आहे. तरीही ते थोडे उलगडून पाहू.

ज्या विद्यार्थ्याला काही घडत नाही असे वाटले, त्याला मी सुचवले की हे पुस्तक रहस्यकथा म्हणून वाच. आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचनालयात नंबर लावून वाचल्या. रहस्यकथेत एक नाहीसा झालेला माणूस असतो आणि तो कसा नाहीसा झाला याचा तपास असतो. येथे एक अख्खी वाडी नाहीशी होते. ती नाहीशी कोणी केली? संशयित एकच दिसतो, पाऊस. तो गैरहजर आहे, म्हणून सारा ठपका त्याच्यावर ठेवणे सोयीचे आहे. पण चांगला तपासनीस पहिल्या संशयितावर थांबत नाही. तो विचारतो, त्या रात्री त्याच घरात आणखी कोण होते, आणि ते कसे वाचले?

बाईंच्या वाक्याचे मोल येथे आहे. ज्या आभाळाखाली कारभारी होता त्याच आभाळाखाली मास्तर होता. वाडीवर पडला नाही तो पाऊस मास्तरावरही पडला नाही. पण मास्तराचे पोट पावसावर नव्हते, सरकारी तिजोरीवर होते. म्हणून तो इतरांचे जाणे पाहू शकला आणि पुढे ते सांगू शकला. या पुस्तकातल्या करुणेचा, तिच्या त्या संयत सुराचा पायाच मुळी हा पगार आहे. मी हे पुस्तक अनेकदा वाचले, वर्गातही त्यावर बोललो. पण ही गोष्ट मला दिसली नाही. मीही पगारदार होतो, हेच त्याचे कारण असावे.

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो. १९७२ साली मी तेरा वर्षांचा होतो. वडील खानापूर तालुक्यातील एका गावी प्राथमिक शिक्षक होते. माझ्या बाकावर धनगराचा एक मुलगा बसे. गणितात तो माझ्यापुढे होता. मी त्याला पाढे विचारी आणि तो मला आभाळ पाहून वारा कुठून सुटणार ते सांगे. त्या वर्षी आमच्या घरी रेशनची लाल मिलो आली, आई ती नाक मुरडून रांधी. पण ती रोज रांधली गेली. त्याच्या घरची मेंढरे आधी मिळेल त्या भावाने विकली गेली, उरली ती मेली. त्याची आई खडी फोडायला जाई आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणी. एक दिवस बाकावरची त्याची जागा रिकामी दिसली. ते कुटुंब कुठे गेले, मुंबईस की आणखी कुठे, हे मला आजतागायत समजलेले नाही. मी शोध घेतला नाही, हेही कबूल केले पाहिजे. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येत होता आणि त्यांच्या घरात वर्षाच्या वर्षाला पाऊस येत होता. दोघांत फरक तेवढाच होता.

पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांचा दारिद्र्य आणि दुष्काळ यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धान्य कमी पिकले म्हणून माणसे उपाशी मरतात असे नेहमी घडत नाही, धान्यावर हक्क सांगण्याचे साधन ज्यांच्या हातून जाते ती माणसे मरतात, हे त्यातले मुख्य प्रतिपादन. तो ग्रंथ वाचताना मला बंगालपेक्षा तो रिकामा बाक आठवला. मेंढपाळाची गोष्ट तर याहून बिकट असते. दुष्काळात मेंढराचा भाव कोसळतो आणि जोंधळ्याचा चढतो. जे विकायचे ते मातीमोल आणि जे घ्यायचे ते सोन्याच्या भावाचे, अशा कात्रीत तो सापडतो. हा ठपका पावसावर टाकता येणार नाही. हा बाजाराचा गुन्हा आहे.

माण तालुक्यातील त्या तरुणाचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. धनगराचे स्थलांतर म्हणजे दैन्य, असे पांढरपेशा वाचक समजतो, ही चूक आहे. पावसाचा अंदाज घेऊन कळप हलवणे, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेणे, ही शहाणपणाने उभारलेली अर्थव्यवस्था आहे. पण मेंढरांसह निघणे वेगळे आणि मेंढरे गेल्यावर निघणे वेगळे. पहिल्यात परतीची वाट असते.

आता बागायतदार बंधूंच्या प्रश्नाकडे वळतो. दोष कोणाचा? महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. इथपर्यंत निसर्ग. पण कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे, कृष्णाकाठी ऊस वाढवायचा आणि आटपाडीला टँकर पाठवायचे, हे निर्णय ढगांनी घेतलेले नाहीत. बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले कोयनेचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. ते वळवावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण ज्यावर मतभेद होऊ शकतात त्याला दैव म्हणता येत नाही, एवढे तरी आपण मान्य करू.

साताऱ्यास एक कार्यकर्ता तावातावाने म्हणाला की लेखकाने राजाला मोकळे सोडले. लोकांनी तालमीऐवजी तळे का मागितले नाही? हा आक्षेप मीही वर्गात अनेक वर्षे घेत असे. तालमीला लागलेल्या श्रमात एखादा बंधारा उभा राहिला असता, असा हिशेब फळ्यावर मांडून मी मुलांना हसवीतही असे. आज तो हिशेब मी परत घेतो. औंध हे ७२ गावांचे संस्थान. त्याचे अधिपती सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते. त्याच संस्थानाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारून कैद्यांवर विश्वास टाकला. अशा राज्यातही वाडी उठू शकते. म्हणजे राजा भला असणे पुरेसे नसते, लोकांचा हक्क असावा लागतो. आणि हक्क मागण्यासाठी लोकांनी आधी एकत्र यावे लागते. वाडीने तालीम बांधली तेव्हा ती पहिल्यांदा एक झाली. बंधाऱ्याची पूर्वअटच ती होती.

हे मी कल्पनेने बोलत नाही. वाडी काल्पनिक असली तरी तिच्या शेजारचा खानापूर तालुका खरा आहे. तेथे तांदुळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकातील लढ्यातून येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले. नदीतील थोडी वाळू विकून आणि हितचिंतकांची मदत घेऊन पैसा उभा केला आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल असे ठरवले. त्याआधी १९७२–७३ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे एका वेळी सरकारी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि तासगाव तालुक्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. मास्तराला जसा पगार तशी मजुराला हमी, हे त्या कायद्याचे सार होते. याच जिल्ह्यातल्या माणसाने ते देशाला शिकवले, हे आपण विसरतो.

आता मैत्रीविषयी. ही मैत्रीची कादंबरी आहे असे बहुतेकांनी म्हटले आणि ते खरे आहे. पण मैत्रीलाही मर्यादा असतात. अंजीच्या निमित्ताने गैरसमज होताच कारभाऱ्याचे मन दुरावते. शेकूची बायको बैलाच्या जागी औताला खांदा देते तेव्हा मास्तर हेलावतो, परंतु तिच्या खांद्यावरचे जू त्याला उतरवता येत नाही. नुसत्या जिव्हाळ्याने जू उतरत नाही. मग मैत्रीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. माझ्यापाशी एक उदाहरण आहे. नागनाथअण्णा नायकवडी हे वाळव्याचे, म्हणजे पाण्यावरच्या गावाचे. पत्री सरकारच्या लढ्यातले सैनिक, साखर कारखाना उभारलेले. त्यांच्या शेताला पाणी होते. तरीही १९९३ पासून त्यांनी आटपाडीत पाणी परिषदा भरवून दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा लढा उभा केला. ही मैत्री जिव्हाळ्यावर थांबली नाही. ‘माझ्याकडे आहे ते तुझ्याही हक्काचे आहे’ असे तिने म्हटले. आमच्या भाषेत यालाच बंधुता म्हणतात. आगरकरांच्या जन्मगावी, टेंभूला, कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीकडे नेणारी योजना उभी राहिली त्यामागे हा लढाही आहे.

लेखकाने गुन्हेगाराचे नाव का घेतले नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. त्याने साक्ष दिली. निकाल देणे आपले काम आहे. साक्ष खरी असल्यामुळेच आज सात दशकांनंतर एका शेतमजूर बाईंना तिच्यातून पगाराचा मुद्दा सापडला. लेखकाने स्वतः निकाल लिहून ठेवला असता तर आपण पुस्तक मिटून घरी गेलो असतो.

शेवटी दोन सूचना करतो. पहिली वाचनालयांना. ही बैठक पुढच्या वेळी सांगली-साताऱ्यात न घेता आटपाडी, दहिवडी, जत येथे घ्या आणि बोलण्याची सुरुवात मागच्या रांगेपासून करा. दुसरी आपणा सर्वांना. पाणी आता माणदेशात पोहोचू लागले आहे. ते ज्यांना जमीन आहे त्यांच्या शेतात जाईल. ज्यांच्याकडे फक्त मेंढरे आहेत किंवा फक्त हात आहेत, त्यांचा वाटा कोणता, हे पाणीवापर संस्थेच्या प्रत्येक सभेत विचारा. वाळव्याच्या बंधूंनी हा प्रश्न आटपाडीकरांच्या आधी विचारला तर मला अधिक आनंद होईल.

माझ्या बाकावरचा तो मुलगा आज असेल तर माझ्याच वयाचा असेल. आपल्यापैकी कोणी त्या बाजूचे असाल तर सभेनंतर मला भेटा. पन्नासहून अधिक वर्षे उशीर झाला आहे, पण चौकशी करायची आहे.