नंबराचा फेरफार



आमच्या पाथरीत मोबाईलची रेंज गेली तर कोणी दचकत नाही. लाईट जाते, नळाला पाणी येत नाही, तशी रेंज जाते. माणूस फोन हातात धरून गच्चीवर जातो, अंगणात दोन चकरा मारतो आणि 'येईल' म्हणून फोन खिशात टाकतो. मीही त्यातलाच. या 'येईल'पायी माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, एक लाख ऐंशी हजार रुपये गेले.

२०२१ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अक्काने सोयाबीन विकले होते आणि पैसे खात्यावर जमा झाले होते. एका संध्याकाळी ती घरी आली. म्हणाली, "बाळू, माझ्या फोनला सकाळपासून एक बी काडी नाही बघ." मी पेपर वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, "अक्का, पाथरीतच राहतेस ना? येईल सकाळी." घरातला शिकलेला माणूस म्हणून ती माझ्याकडे आली होती, तीस वर्षे मास्तरकी केली आहे मी. समोरच टेबलावर माझ्या बायकोचा फोन होता, त्याच कंपनीचा. त्यावर काड्या दिसत असणारच. पण तो उचलून बघायचे मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरून घेतले, तेव्हा अक्का तिथल्या बाकावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

काय झाले होते, ते मग तुकड्यातुकड्याने कळले. दोन दिवस आधी 'बँकेतून बोलतोय' म्हणून एक फोन आला होता. केवायसी संपली म्हणून त्याने खाते नंबर, कार्डाचा नंबर सगळे विचारून घेतले. नंतर दुसरा फोन, 'मोबाईल कंपनीतून'. तुमचे सिम जुने झाले, घरबसल्या नवीन चालू करून देतो, दुकानात हेलपाटा नको. फार गोड बोलला म्हणे. त्याने वीस आकडे सांगितले आणि ते कंपनीला मेसेज करायला लावले. मेसेज नातवाने लिहून दिला. मग खात्री करण्यासाठी एक दाबा, असे फोनवर सांगण्यात आले. अक्काने एक दाबला. ते वीस आकडे चोराच्या हातातल्या कोऱ्या सिमचे होते.

शेतकऱ्याला ही गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेत लगेच समजते. आपला नंबर त्या प्लास्टिकच्या तुकड्यात नसतो. तो कंपनीच्या दप्तरात असतो. अमुक नंबर तमुक सिमवर, अशी तिथे नोंद असते. सिम हरवले, तुटले की कंपनी ती नोंद बदलून नव्या सिमवर करते. म्हणजे फेरफारच. जमीन जागची हलत नाही, पण कागदावर मालक बदलतो. चोराने हा फेरफार स्वतःच्या सिमवर करून घेतला की आपले सिम मरते आणि बँकेचा ओटीपी सरळ त्याच्या फोनवर जातो. आधार, पीकविमा, ई-पीक पाहणी, पेन्शन, सगळीकडे आपण तोच एक नंबर देऊन ठेवलेला असतो.

हे खेड्यातल्या भोळ्या माणसांचेच होते, असे मात्र समजू नका. २०१८ च्या डिसेंबरअखेर मुंबईत माहीमच्या एका व्यापाऱ्याला मध्यरात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन बंद. खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेलेले. अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी जी सरकारी संस्था आहे, तिचे एक्सवरचे खाते ९ जानेवारी २०२४ रोजी असेच पळवले गेले. एक माणूस खोटे ओळखपत्र घेऊन अलाबामा राज्यातल्या मोबाईलच्या दुकानात गेला आणि नवे सिम घेऊन बाहेर आला. पासवर्ड कितीही अवघड ठेवा. काउंटरवरच्या पोराने कागद नीट बघितला नाही तर संपले.

सरकारने याला बांध घातले आहेत. तलाठी फेरफाराची नोटीस देतो, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तसेच काहीसे इथे झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने आदेश काढला, की सिम बदलल्यावर चोवीस तास त्या नंबरावर मेसेज येणार-जाणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून तर सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. आमच्या अक्काच्या वेळी हा आदेश नव्हता. पण हे चोवीस तास आपल्यासाठी ठेवलेले आहेत. ते कोणी 'येईल, येईल' करत घालवले, तर आदेश तरी काय करणार?

म्हणून रेंज गेली की आधी त्याच कंपनीचा दुसरा फोन बघा. त्याला काड्या आहेत आणि तुमच्याच फोनला नाहीत, फोन बंद करून चालू केला तरी नाहीत, तर गच्चीवर जाऊ नका. शेजाऱ्याचा फोन घ्या, कंपनीला विचारा, बँकेला सांगून खाते थांबवा. पैसे गेलेच असतील तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लावा. रात्रीतून कॉलवर कॉल यायला लागले तर वैतागून फोन बंद करू नका. पुष्कळदा आपण फोन बंद करावा म्हणूनच ते येतात. बँकेची सूचना ईमेलवरही येईल अशी सोय करून ठेवा, सिम मेले तरी ईमेल येतो. सिमला पिन लावा असेही कोणी सांगतात. लावा, फोन चोरीला गेला तर उपयोगी आहे. पण या चोराला तुमचे सिम नकोच असते.

अक्काला बँकेत ऐकावे लागले, "आजी, एक तर तुम्हीच दाबला ना?" त्यावर मी काही बोलू शकलो नाही. आठ महिन्यांनी काही रक्कम परत आली, सगळी नाही.

पूर्वी आम्हाला दहा-वीस फोन नंबर तोंडपाठ असत. आता बायकोचाही नसतो, आणि फोन मेला की त्यातले नंबरही मरतात. अक्काने बँकेचा, कंपनीचा आणि १९३० असे तीन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहेत. वर्ष संपले की नव्या कॅलेंडरवर नातवाकडून उतरवून घेते. रेंज गेली की फोन घेऊन गल्लीत येते आणि दारोदार विचारते, "तुझ्या फोनला काडी हाय का गं?" पोरे हसतात. तिचे विचारणे चालूच असते.