आयला बेट आणि मोहाचीं फुलें

भिवंडींत रात्रीहि माग थांबत नाहींत. कामवारी नदीच्या बाजूस असलेल्या एका घराच्या गच्चीवर चौघे शाळासोबती जमले, तेव्हां त्या खटखटीला सरावलेल्या त्यांच्या कानांना ती ऐकूंहि येत नव्हती. यजमान यंत्रमागाचा धंदा करणारा. दुसरा एका गोदामाचा हिशेबनीस. तिसरा शहापूरकडचा शाळामास्तर. आणि चौथा वकील. वकील पीत नसे. त्याच्या वडिलांनीं दारूपायीं घर घालविलें होतें, हें तिघांनाहि ठाऊक होतें. तरी त्याला बोलावणें गेलें, आणि तो आला. यजमानानें पिणाऱ्यांचे परवाने आधींच काढून ठेवले होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें घातलेली ती अट महाराष्ट्रांत आजहि उभी आहे. बाटली विकत घेणाऱ्यांपैकीं किती जणांस तिचें स्मरण असतें, तो भाग निराळा.

टेबलावर तीन बाटल्या होत्या. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच भट्टींत, केवळ मोड आणलेल्या जवापासून गाळलेली व्हिस्की. स्कॉटलंडच्या कायद्यानें ती निदान तीन वर्षें ओकच्या पिंपांत मुरावी लागते. ती घोटाघोटानें रिचवावयाची नसते. तळाशीं फुगीर व तोंडाशीं निमुळत्या पेल्यांत बोटभर ओतून प्रथम नाकाशीं धरावयाची, मग पाण्याचे चार थेंब घालून पुन्हां धरावयाची. पाण्यानें दडलेले वास मोकळे होतात.

पहिली बाटली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटाची. त्याचें नांव उच्चारावयाचें ‘आयला’, हें कळतांच हिशेबनीस इतका हसला कीं खालच्या मजल्यावरची मंडळी जागी झाली असावी. तेथें दलदलींतील पीट नांवाची माती जाळून तिच्या धुरावर जव सुकवितात. मास्तराला त्यांत होळीच्या दुसऱ्या दिवसाची राख आठवली, यजमानाला दवाखान्यांतील आयोडीन. दोघांचेंहि खरें होतें.

दुसरी गोव्याची, कुंकळ्ळीच्या भट्टींतली. तिसरी बंगळूरची ‘अमृत’. १९४८ सालीं राधाकृष्ण जगदाळे यांनीं हा कारखाना काढला. त्याची सिंगल मॉल्ट २००४ सालीं प्रथम विक्रीस ठेवली ती बंगळुरांत नव्हे, तर थेट ग्लासगो शहरांत! स्कॉटलंडांत पिंपांतून वर्षाला सुमारें दोन टक्के मद्य उडून जातें. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरच्या हवेंत हाच वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो. आपल्याकडील देवदूत अधिक तहानलेले, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. त्याच उष्णतेनें मद्य लाकडांत वेगानें मुरतें, आणि जें तिकडे दहा-बारा वर्षांत साधतें त्याच्या जवळपास येथें चार-पांच वर्षांत पोहोंचतां येतें. मात्र फार दिवस ठेवावें, तर पिंपांत उरतें काय?

येथपर्यंत गप्पा सुखाच्या होत्या. मग मास्तर म्हणाला, “माझी आजी मोहाचीं फुलें उन्हांत वाळवी. आंबवून मडक्यांत गाळी. एकच घर, एकच फूल. तिला मात्र कोणी सिंगल म्हटलें नाहीं, गुन्हेगार म्हटलें.”

त्याचें म्हणणें निराधार नव्हतें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरगुती गाळणीवर घाला घातला, आणि १८९२ सालीं मुंबई सरकारनें मोहाच्या फुलांसाठीं निराळा कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं बाळगण्या-विकण्यावरच निर्बंध आणले. भिवंडी व शहापूर तेव्हांहि ठाणें जिल्ह्यांतच होतीं. स्कॉटलंडचे डोंगरी लोकहि एकेकाळीं चोरूनच गाळीत. पण १८२३ सालीं तेथील कर उतरविला, परवाना आवाक्यांत आणला, आणि पुढल्याच वर्षीं ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनें तो घेतला. एका मुलखांत चोरट्या भट्टीचा कारखाना झाला. दुसऱ्या मुलखांत झाडाच्या फुलावर पहारा बसला. कायद्याच्या हेतूंत लोकांच्या कल्याणापेक्षां महसूल किती होता, हें वेगळें सांगावयास नको.

वकील इतका वेळ गप्प होता. त्यानें बंगळूरचा पेला उचलला, नुसता वास घेतला, पुन्हां एकदां घेतला.

“संत्र्याची साल,” तो म्हणाला, “आणि जळका गूळ.” मग पेला खालीं ठेवून, “आमच्या वडिलांच्या दारूचा असा वास कोणीं कधीं घेतला नाहीं. त्यांनींहि नाहीं. ते नाक दाबून पीत.”

कोणीच बोललें नाहीं. हिशेबनीस चौथा पेला भरावयाच्या बेतांत होता. त्यानें बूच लावलें. यजमानानें भाकरी आणि सुकटीची चटणी मागविली, आणि बोलणें मास्तराच्या शाळेच्या गळक्या छपरावर गेलें.

साडेदहाच्या सुमारास तिन्ही बाटल्या पाऊण भरलेल्या कपाटांत गेल्या. वकिलानें मोटारीच्या किल्ल्या घेतल्या व दोघांना त्यांच्या त्यांच्या दारीं सोडलें.