आधी पाय टेकू द्या

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन वर्षांपूर्वी आपल्या देणग्यांतून सातपुड्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहात सहा संगणक आले. त्या वेळी याच मेळाव्यात मी फोटो दाखवले होते आणि आपण आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या फोटोंत मला जे दिसले नाही, ते आज सांगायचे आहे.

आठवीतली एक पावरा मुलगी सुरुवातीला रोज संगणकावर बसायची. मग टाळू लागली. कधी डोके दुखते, कधी स्वयंपाकघरात काम आहे. मी वहीत लिहून टाकले, ‘आवड नाही’. एके दिवशी तिची मैत्रीण हळूच म्हणाली, “बाई, तिची मान भरून येते. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवते असे वाटेल, म्हणून ती बोलत नाही.”

खरे सांगते, मला पटेना. सुट्टीत घरी गेली की ही मुलगी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरते. ती खुर्चीत बसून कशी दमेल? पण मोळी घेऊन चालताना अंग हलते, स्नायू आवळतात आणि सैल होतात. एकाच स्थितीत बसले की तेच स्नायू ताणलेले राहतात, आणि मग ते दुखू लागतात.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिला नीट पाहिले. टेबल आमच्या जेवणघरातले, 30 इंच उंच. खुर्ची मोठ्या माणसाची. पाय टेकावेत म्हणून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, त्यामुळे पाठीला आधार नव्हता. कीबोर्ड जवळजवळ छातीशी, म्हणून खांदे वर चढलेले. पडदा संगणकाच्या खोक्यावर ठेवलेला, म्हणून मान सतत वर. आणि समोरच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर.

मग आम्ही पायांपासून सुरुवात केली. सुताराकडून दोन टेबलांचे पाय चार-चार इंच कापून घेतले. ती टेबले लहान मुलींसाठी ठेवली. बाकीच्या टेबलांवर बसणाऱ्या मुलींच्या खुर्चीत घडी केलेली गोधडी घातली, आणि पाय लोंबू नयेत म्हणून खाली विटांवर लाकडी पाट ठेवला. आता खांदे सैल सोडले की कोपर साधारण काटकोनात राहते आणि मनगट सरळ राहते. कंबरेमागे गुंडाळलेली चादर ठेवली. माउस कीबोर्डला लागूनच ठेवला, म्हणजे हात लांब करावा लागत नाही.

पडदा खोक्यावरून खाली उतरवला. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर साधारण हातभर. टेबले अशी फिरवली की खिडकी बाजूला आली. समोर नाही, पाठीमागेही नाही. अक्षरे मोठी केली, म्हणजे वाचायला पुढे वाकावे लागत नाही.

डोळ्यांसाठी एक सोपा नियम भिंतीवर लावला: दर 20 मिनिटांनी, 20 फुटांपलीकडे, 20 सेकंद पाहायचे. आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, त्यामुळे मुलींना तो नियम आवडतो. अर्ध्या तासाने घंटा वाजते आणि सगळ्या उठून पाणी प्यायला जातात. बसण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी उठणे चुकवायचे नाही. एवढे करूनही दुखणे किंवा मुंग्या थांबल्या नाहीत, तर डॉक्टरांकडे जायचे.

एलीया झुडपाखाली थकून निजला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. पुढचे काम नंतर सांगितले. थिऑलॉजी शिकताना मी त्यावर पेपर लिहिला होता. पण माझ्याच वर्गात ते मला दिसले नाही.

ती मुलगी परत आली. लगेच नाही, महिनाभर दारातून पाहत राहिली. आता ती एमएस-सीआयटीची तयारी करते आहे. वहीतली ‘आवड नाही’ ही नोंद मी तिच्यासमोर खोडली.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. लॅपटॉप द्याल, तेव्हा सोबत वेगळा कीबोर्ड आणि माउसही द्या. मग लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवता येतो आणि मान वाकत नाही. आणि आज घरी गेल्यावर, आपले मूल जिथे अभ्यासाला बसते, तिथे दोन मिनिटे जमिनीवर बसून पाहा. त्याचे पाय टेकतात का?