राजाच्या घोड्यापुढचें प्यादें



बोईसरास आमच्या ओसरीवर दर रविवारीं सकाळीं बुद्धिबळाचा पट मांडला जातो. तारापूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून आलेले दोघे-तिघे, शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि मी, एवढाच आमचा मेळा. गेल्या पावसाळ्यांत त्यांत एका तेरा वर्षांच्या मुलाची भर पडली. पहिल्याच दिवशीं त्यानें पांढरीं मोहरीं घेतलीं आणि राजाच्या घोड्यापुढील प्यादें एकदम दोन घरें पुढें ढकललें. मंडळी हंसली. मीही हंसलों. तासाभरानें मात्र माझें हंसें झालें होतें. त्या पराभवाचीच हकीगत आज सांगावयाची आहे.

ही खेळी शास्त्राविरुद्ध कां मानितात? आरंभीं मध्याच्या घरांवर सत्ता बसवावी, घोडे-उंट बाहेर काढावेत आणि राजाचा किल्लेकोट करावा, हा सर्वमान्य संकेत. हें प्यादें ह्यांपैकीं कांहींच साधीत नाहीं. उलट ज्या कोपऱ्यांत राजानें आसरा घ्यावयाचा, तेथलीच भिंत पाडतें. आणि प्याद्याला माघार नाहीं. तरीही हेन्री ग्रोब नांवाच्या स्विस खेळाडूनें हिचा चिकाटीनें पाठपुरावा केला व १९४२ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आमच्या जुन्या देशी डावांत प्यादें सामान्यतः एकाच घरानें चाले. त्यामुळें घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकवून त्याच्या मोकळ्या जागीं उंट बसविणें आपल्या लोकांच्या अंगवळणीं पडलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास महेशचंद्र बंद्योपाध्याय हे जॉन कॉक्रन ह्या साहेबाशीं अशाच रीतीनें झुंजत. पाश्चात्त्यांच्या पुस्तकांत ‘इंडियन डिफेन्स’ हें नांव आलें तें ह्याच परंपरेंतून. पुढें आपणही परके नियम पत्करले. १९५५ सालीं एलुरूस झालेलें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे यांनीं विभागून घेतलें, तें ह्या नव्या नियमांवर. त्या मुलाची खेळी म्हणजे आमच्याच जुन्या चालीचें उतावळें भावंड म्हणा ना!

आतां माझी चूक ऐका. मीं वजिरापुढील प्यादें दोन घरें चालविलें. येथवर ठीक होतें, कारण उंटाची वाट उघडून त्याच्या पुढें आलेल्या प्याद्यावर मारा बसला. मुलानें त्याची फिकीर न करतां आपला उंट प्याद्याच्या रिकाम्या घरांत आणला. मीं तत्काळ तें फुकटचें प्यादें मारलें. लगेच त्यानें वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें टाकून माझ्या मध्यावर धक्का दिला. मीं आपलें तेंच प्यादें एक घर पुढें करून आधार दिला, मारामारी झाली, आणि त्याचा वजीर बाजूनें बाहेर आला. पाहतों तों मध्याचें प्यादें आणि घोड्यापुढचें प्यादें, दोन्ही एकाच वेळीं संकटांत! ज्या उंटानें रक्षण करावयाचें तो पलीकडे लूट घेऊन बसलेला. गडबडून मीं घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकवलें, आणि त्याच्या उंटानें मध्याचें प्यादें खाऊन कोपऱ्यांतल्या हत्तीपर्यंतचा तिरपा रस्ता मोकळा केला. हत्ती गेला.

मग रात्रीं एकटाच पट मांडून बसलों. दुसऱ्याच खेळीस, प्यादें मारण्याऐवजीं, वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर पुढें करावें. तीन प्याद्यांची तिरपी सांखळी तयार होते व त्या लांब वाटेवरचा उंट आंधळा होतो. आतां मात्र त्याच्या प्याद्यावरचा मारा खरा. तें राखण्यास तो हत्तीपुढील प्यादें एक घर सरकवतो, म्हणजे आणखी एक खेळी कडेला खर्च करतो. तेवढ्यांत आपण राजापुढचेंही प्यादें दोन घरें टाकून मध्य बळकवावा. घोडा राजासमोरच्या घरावरून बाजूस न्यावा; योग्य वेळीं हत्तीपुढचें प्यादें चालवून त्याची तटबंदी फोडावी.

तथापि हंसूं नये, हें मी तेव्हांपासून शिकलों. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें टार्टाकोवर यांनीं वजिराच्या घोड्यापुढचें प्यादें पहिल्याच खेळींत दोन घरें टाकलें. तो डाव मारोत्सी यांनीं जिंकला खरा. पण १९८० सालीं स्कारा येथें इंग्लंडच्या माइल्स यांनीं जगज्जेत्या कार्पोव्हविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनीं हत्तीपुढचें प्यादें एक घर हालवून सुरुवात केली आणि चक्क डाव जिंकला!

पुढच्या रविवारीं त्या मुलानें तेंच प्यादें पुन्हां पुढें केलें. मीं सांखळी बांधली. तो थोडा थबकला, मग कडेचें प्यादें सरकवलें. डाव दुपारपर्यंत रंगला. मला एक प्यादें जास्त मिळालें, पण हत्तींच्या शेवटांत तें जिंकेना आणि बरोबरी झाली. मोहरीं डब्यांत भरतां भरतां तो म्हणाला, “आजोबा, पुढच्या खेपेस दुसऱ्या बाजूचें चालवूं का?”