'तुंबाड' पुन्हा पाहताना



झोप, नाहीतर बागुलबुवा येईल, असे आपल्या घराघरांतून मुलांना सांगितले गेले आहे. 'तुंबाड' या चित्रपटातला हस्तर त्याच कुळातला. हा चित्रपट लहानांसाठी काढलेला नव्हे, पण त्याची बांधणी आजीच्या गोष्टीची आहे: जुना वाडा, लपलेला खजिना, आणि नेम मोडला की शिक्षा.

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला. प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथांची, आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून घेतलेले. कथा वेगळी असली तरी वाडा आणि वारसा माणसांच्या पिढ्या कशा गिळतात, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

पहिल्यांदा पाहताना आपले सारे लक्ष हस्तरकडे असते. तो सोन्याचा धनी, पण अन्नाला मुकलेला. म्हणून विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, आणि हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडून घेतो. अमाप सोने जवळ असलेला देव मूठभर पिठासाठी वखवखलेला आहे, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघराच्या किती जवळची आहे पाहा.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा भीतीची जागा बदललेली दिसेल. आईने विनायककडून शपथ घेतलेली असते की तुंबाडला परत जायचे नाही. ती मोडणारा हा मुलगा पुढे स्वतः बाप होतो आणि आपल्या पोराला, पांडुरंगला, त्याच वाटेचे धडे देतो. पोर हुशार निघते. चार मोहरांऐवजी अख्खा लंगोटच आणू, ही युक्ती त्याचीच, आणि बापाला ती पटते. मला सर्वांत भयंकर वाटते ती ही जागा. तिथे ना अंधार आहे ना राक्षस. बाप शिकवतो आहे आणि मुलगा मन लावून शिकतो आहे.

शेवटी शापित बाप तो लंगोट पुढे करतो. पांडुरंग घेत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे इथून दूर आहेत. देशपांडे नगरातल्या दिवाणखान्यांतही वाड्याच्या वाटणीची, सातबाऱ्यावरच्या नावांची बोलणी होतात. कोणी भाऊ कोणाशी बोलत नाही, का बोलत नाही, हे सारे मुले शेजारी बसून ऐकत असतात. त्यांना आपण वेगळे काही शिकवत बसत नाही. ती आपली आपण शिकतात.

हस्तरची गोष्ट नातवंडांना जरूर सांगा, थोडे घाबरू द्या. फक्त नको म्हणणारा पांडुरंग सांगायचा राहू देऊ नका.