वाघ मोजतात कसे? आंबागडच्या जंगलापासून बोलिव्हियापर्यंत

हेडफोन लावले असतील तर आज आपण थोडं जंगलात जाऊ. लांब नाही, आपल्या तुमसर तालुक्यातच. आंबागडचा किल्ला तुम्हाला माहीत आहे. साधारण १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात, राजाखान पठाणाने तो बांधला. गडावर उभं राहिलं की भोवती सातपुड्याच्या टेकड्या आणि जंगल दिसतं. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला नागझिरा, आणि आपण मधल्या पट्ट्यात. वन्यप्राण्यांची ही ये-जा करायची वाट. इंग्रजीत कॉरिडॉर म्हणतात ना, तेच.

आता प्रश्न असा की या वाटेवरून कोण जातं हे कळणार कसं? आपल्याकडे कोणी सहज विचारतो, "वाघ मोजते कसे गा? रांगेत उभे करते का?" हसू येतं, पण प्रश्न अगदी बरोबर आहे.

पूर्वी पायाचे ठसे मोजायचे. काचेवर ठसा उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि अनुभवी माणूस सांगायचा की हा अमुक वाघ. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत असेच १,८२७ वाघ मोजले गेले. पण ओल्या मातीतला ठसा वेगळा आणि धुळीतला वेगळा. एकच वाघ दोनदा मोजला जायचा. याची किंमत २००५ मध्ये कळली. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. शिकारी येऊन गेले आणि आकडे तसेच राहिले.

मग पद्धत बदलली. नवी पद्धत समजायला आपल्या मामा तलावाकडे बघा. तलावात मासे किती, हे पाणी न उपसता सांगायचंय. जाळं टाकलं, २० मासे मिळाले. त्यांना खूण केली आणि परत सोडले. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं. पुन्हा २० मिळाले, त्यातले ५ खुणेचे. म्हणजे चारात एक खुणेचा. खुणेचे एकूण २०, तर तलावात अंदाजे ८० मासे. एवढं सोपं गणित आहे.

वाघाला खूण करावी लागत नाही, ती जन्मतःच असते. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यातही डाव्या कुशीचे वेगळे आणि उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून जंगलातल्या वाटेवर दोन कॅमेरे समोरासमोर बांधतात. प्राणी मधून गेला की दोन्ही बाजूंचे फोटो आपोआप निघतात. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघांसाठी ही पद्धत वापरून दाखवली.

आणि गंमत बघा, ती तिथेच थांबली नाही. दक्षिण अमेरिकेच्या घनदाट जंगलात जॅग्वार राहतो. त्याच्या अंगावर पट्टे नाहीत, पण गुलाबासारखे ठिपके आहेत आणि तेही प्रत्येकाचे वेगळे. बोलिव्हिया आणि मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये संशोधकांनी वाघाचीच पद्धत जॅग्वारसाठी वापरली. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वाघाने सातासमुद्रापलीकडच्या भावाची मोजणी शिकवली म्हणा ना!

भारतात २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले जवळजवळ साडेतीन कोटी. त्यात वाघांचे ७६,६५१. बाकी चितळ, अस्वल, गाई, सरपण आणणारी माणसं, सगळं. त्यातून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले आणि एकूण अंदाज निघाला २,९६७ चा. त्याआधी वनरक्षक पायी फिरून विष्ठा, ओरखडे, पाऊलखुणा नोंदवतात. हल्ली ती नोंद मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये होते, तुमच्या-माझ्याकडे आहे तशाच मोबाइलवर.

पण एवढा खटाटोप कशासाठी? आकड्याची बातमी होते म्हणून? नाही. ओळख पटावी म्हणून.

दोन गोष्टी सांगतो. पहिली 'जय'ची. नागझिऱ्याचा हा वाघ शेतं, रस्ते, वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. पट्ट्यांवरून कळलं की हा तोच. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या कॉलरचे सिग्नल थांबले आणि सगळीकडे शोध सुरू झाला. जो मोजलेला असतो, तोच हरवलेला कळतो. ज्याची नोंद नाही तो मेला काय आणि विजेच्या तारेत अडकला काय, कोणाला पत्ता लागणार?

दुसरी गोष्ट माणसांची. 'सीटी-१' नावाच्या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि आपल्या लाखांदूर भागात मिळून १३ माणसं मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पकडलं. अशा वेळी गावात संताप असतो, आणि तो रास्तच असतो. घरातला कमावता माणूस गेलेला असतो. पण जंगलात वाघ अनेक असतात. कॅमेऱ्याचा फोटो जुन्या फोटोंशी जुळवल्याशिवाय नेमका कोणता पकडायचा हे ठरत नाही. चुकीचा पकडला तर खरा मोकळाच राहतो, आणि उद्या मोहफूल वेचायला जाणाऱ्या बाईचा जीव पुन्हा धोक्यात. म्हणजे ही मोजणी वाघाइतकीच आपल्यासाठीही आहे.

आता तुमचं काम. जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला तर हात लावू नका, दिशा बदलू नका. वाघ दिसला तर व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. लोकेशन तर टाकूच नका. तुमचे मित्र गर्दी करतील हे एक, आणि शिकारीही मोबाइल वापरतो हे दुसरं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसायची संधी देतो, ती जमली तर जरूर घ्या. त्या रात्रीतून नेमका आकडा निघत नाही, पण पाणवठ्यावर गप्प बसून बघायची सवय लागते. आणि बघायची सवय असलेली पोरं गावात असली, तर वाटेवरचं कोणी नाहीसं झालेलं लवकर लक्षात येतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाजवळ कोणत्या प्राण्याच्या खुणा दिसल्या ते जरूर कळवा. फक्त जागा सांगू नका! भेटू पुढच्या भागात.