वर्गातील 'शारदा'

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)
— मराठीचे सहशिक्षक, बी. ए., बी. एड.





 मी काही वक्ता नाही. खडू आणि फळा हेच माझे व्यासपीठ. तेव्हा मोठमोठ्या विषयांना हात न घालता, नववीच्या वर्गात आम्ही जो एक लहानसा प्रयोग केला त्याचीच हकिकत सांगणार आहे. त्याविषयी गावात थोडी कुजबुज झाली, दोन-तीन पालक शाळेत येऊन जाबही विचारून गेले. म्हणून जे घडले ते सर्वांसमक्ष सांगावे, हे बरे.

मराठीच्या तासाला आम्ही गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकातील तीन प्रवेश वर्गात करून पाहिले. करून पाहिले म्हणजे काय? पडदा नाही, रंगभूषा नाही, पेटी-तबला नाही. पुढचे दोन बाक मागे सरकवले, खडूने जमिनीवर एक रेघ मारली, रेघेच्या अलीकडे घर आणि पलीकडे रस्ता. मुलांनी हातात वही घेऊन आपापली वाक्ये उभे राहून म्हटली. पदे गायली नाहीत, कवितेसारखी वाचली. वर्गाचे दार उघडे होते. सगळा खटाटोप तासाच्या पस्तीस मिनिटांत बसवला.

हे नाटक का निवडले? पहिले कारण घराजवळचे आहे. देवल हे आपल्या शेजारच्या हरिपूरचे, सांगलीला लागून कृष्णा-वारणेचा संगम आहे तिथले. त्यांचा जन्म 1855 चा. ज्या संगमावर आपली मुले सुट्टीत सायकली घेऊन जातात, तिथल्या माणसाने मराठीतले एक थोर नाटक लिहिले, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुसरे कारण नाटकाच्या विषयात आहे.

ज्यांनी नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. कांचनभट नावाचा एक लोभी बाप आहे. पंचाहत्तरीला आलेला, पैसेवाला भुजंगनाथ त्याच्या कोवळ्या मुलीला, शारदेला मागणी घालतो. मध्ये भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ आहे. बाप पैशाच्या आशेने कबूल होतो. आई इंदिराकाकू, तिचे नवऱ्यापुढे काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला धडपडतो. शेवटी वधू-वर एकाच गोत्राचे असल्याचे ऐन लग्नात उघडकीस येते व लग्न थांबते. पण बदनाम झालेली शारदा नदीवर जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि मग शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचे लग्न होते.

हे नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. त्या काळी मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, आणि म्हाताऱ्याला बालिका देणे यात पुष्कळांना गैर वाटत नसे. व्याख्याने झाली, वर्तमानपत्रांतून वाद झाले, तरी जे लोकांच्या मनात उतरत नव्हते ते या नाटकाने लोकांना डोळ्यांसमोर दाखवले.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही होता. बालविवाहाविरुद्धचा जो 'शारदा कायदा' म्हणून प्रसिद्ध आहे तो या नाटकावरून आला, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. तसे नाही. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो विधेयकरूपाने मांडला, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. कायदा झाला 1929 साली आणि अमलात आला 1 एप्रिल 1930 पासून. त्यात मुलीचे किमान वय 14 आणि मुलाचे 18 होते. 1978 साली दुरुस्ती होऊन ते 18 व 21 झाले. 2006 साली नवा कायदा आला, त्यातही ही वये तीच राहिली. नाटक आणि कायदा यांचे नाव जुळले हा योगायोग. पण दोघांचे दुखणे एकच होते.

आता कुजबुजीकडे येतो. एक पालक शाळेत आले. माणूस सज्जन, कष्टाळू. म्हणाले, "मास्तर, पोरीला शिकायला पाठवली, नाटक करायला नाही. आपल्यात हे चालत नाही."

मी त्यांना बसवले, चहा मागवला. मी म्हटले, "चाचा, तुमची काळजी मला समजते. मलाही लहान बहिणी आहेत. मुली मुलींबरोबरच प्रवेश करतील. दिवसा, वर्गात, सर्वांदेखत. तुम्ही स्वतः येऊन मागच्या बाकावर बसा. काही वावगे दिसले तर तिथल्या तिथे थांबवा, मी राग मानणार नाही."

'आपल्यात हे चालत नाही' याबद्दल मात्र चार शब्द बोललो, ते इथेही बोलतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. ते घडवणारी घराणी कोणाची? आपलीच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. मराठी नाटकाच्या वैभवात आपल्या माणसांचा हात असा उघड आहे. उर्दूत आगा हश्र काश्मिरी यांनी शेक्सपिअरची नाटके रूपांतरित करून गावोगावच्या लोकांपर्यंत नेली. तेव्हा नाटक म्हणजे परके असे म्हणण्याचे कारण नाही. वाईट नाटक वाईट आणि चांगले नाटक चांगले, एवढाच भेद मी मानतो.

चाचा चहा पिऊन गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आता भाषेचा लाभ सांगतो. आपल्या बहुतेक मुलांच्या घरी दखनी बोलली जाते. शाळेत मराठी. त्यामुळे 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांची सरमिसळ होते, आणि मूल वर्गात तोंड उघडायला लाजते. मी वर्षानुवर्षे फळ्यावर शब्द लिहून ते घोकून घेत असे. त्याचा उपयोग बेताचाच होत होता. पण तेच मूल कांचनभट झाले की त्याला लाजायला सवड राहात नाही. समोरच्याला पटवायचे असते, रागवायचे असते, आणि त्या नादात 'ळ' आपोआप नीट उमटतो. एक मुलगा सहा महिन्यांत वर्गात स्वतःहून बोलला नव्हता. त्याने भद्रेश्वर दीक्षिताचे काम असे केले की मुले हसून हसून बेजार झाली. नंतर मी विचारले, "अरे, हे शिकलास कुठे?" तो म्हणाला, "सर, आमच्या गल्लीत एक लग्न जमवणारे आहेत, ते असेच बोलतात." सव्वाशे वर्षांपूर्वीचा दीक्षित त्याला त्याच्या गल्लीतच भेटला होता.

जुनी मराठी अवघड जाते, हेही खरे. त्यासाठी आम्ही एक पद्धत ठेवली. ज्याचे वाक्य त्याने त्यातल्या अवघड शब्दांचा अर्थ घरून काढून आणायचा, आणि प्रवेश झाल्यावर वर्गाने त्या पात्राला तीन प्रश्न विचारायचे. पात्राने पात्र म्हणूनच उत्तर द्यायचे. या तीन प्रश्नांनीच सर्वांत मोठे काम केले.

कांचनभटाला एकाने विचारले, "मुलीचे पैसे घेताना तुम्हाला लाज वाटली नाही का?" कांचनभट झालेला मुलगा हुशार. तो उलट म्हणाला, "मी तिला श्रीमंताघरी देतो आहे, ती सुखातच राहील. तुमच्या घरी तरी मुलीला कोण विचारते?"

वर्ग गप्प झाला. मग मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आमच्यात विचारतात. निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार येऊन मुलीची कबुली घेतात. आणि मेहर मुलीचा असतो, बापाचा नसतो."

उत्तर बिनचूक होते. पण लगेच दुसरा मुलगा उठला. "सर, विचारतात ते मंडप घातल्यावर. तेव्हा ती नाही कशी म्हणणार? आणि पैशाचे म्हणाल तर आता उलटे झाले आहे. आता मुलाचा बाप मोटारसायकल मागतो. मग आजचा कांचनभट कोण?"

मित्रहो, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला, एवढे मी सांगितले. तो मुलगा म्हणाला, "ते माहीत आहे, सर." आणि खाली बसला. पुस्तकातले उत्तर देऊन मास्तर सुटला, हे त्याला कळले होते. मी दुसऱ्या दिवशी वर्गापुढे कबूल केले की त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता, आणि तो प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आता शेवटची गोष्ट. ती ज्या घरातली आहे त्या घरच्यांची परवानगी घेऊनच सांगतो.

त्या वर्गात एक मुलगी होती. वाचन उत्तम, आवाज स्वच्छ. तिने शारदेचे काम करावे असे माझ्या मनात होते. ती म्हणाली, "सर, मला शारदा नको. मला आईचे काम द्या." मी कारण विचारले. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आई गप्प का बसते, ते मला समजून घ्यायचे आहे."

तिला मागणी आली होती आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होती, हे मला नंतर कळले. पंधरा वर्षांची पोर. चहा पिऊन गेलेले चाचा तिचेच वडील.

ती घरी रोज संध्याकाळी इंदिराकाकूची वाक्ये पाठ करी. स्वयंपाकघरात, भाकऱ्या भाजता भाजता. तिची आजी जवळ बसलेली असे. आजीला वाचता येत नाही, पण कान तल्लख. तीन-चार दिवस ऐकून एका रात्री आजीने मुलाला हाक मारली आणि सांगितले, "माझे लग्न झाले तेव्हा मी तेराची होते. मला कोणी विचारले नाही, आणि तुझ्या बहिणीच्या वेळी मी बोलले नाही. आता बोलते. पोरीला अठरा पुरी होऊ दे, शाळा पुरी होऊ दे."

प्रवेशाच्या दिवशी चाचा आले. मागच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले. मुलीने काम चांगले केले. एका जागी ती वाक्य विसरली आणि नुसतीच उभी राहिली. वर्ग शांत होता. नवऱ्यापुढे हतबल झालेली आई जशी उभी राहील तशीच ती उभी होती. चाचांनी खाली पाहिले. तास संपल्यावर माझ्याशी एक शब्द न बोलता ते निघून गेले. आठवड्याने निरोप आला: मंगनी होईल, पण लग्न मुलीची बारावी झाल्यावर आणि तिला अठरा पूर्ण झाल्यावरच. मुलाकडच्यांनीही ते मान्य केले. मुलगी आज शाळेत आहे.

हे नाटकाने घडवले असे म्हणण्याचा मोठेपणा मी घेणार नाही. ते त्या आजीने घडवले, आणि वडिलांनी आईचा शब्द मानला म्हणून घडले. नाटकाने एवढेच केले की जी गोष्ट घरात कोणी बोलत नव्हते, ती पाठांतराच्या निमित्ताने मोठ्याने बोलली गेली.

पालक बंधू-भगिनींनो, माझे आपल्याकडे तीन मागणे आहे. मूल घरी मोठ्याने वाचत असेल तर त्याला 'गप्प बस' म्हणू नका. दोन मिनिटे ऐका. वर्गातला प्रवेश पाहायला या, दार उघडेच असते. आणि मुलीची कबुली विचारायची ती मंडप घालण्यापूर्वी, तिला 'नाही' म्हणता येईल अशा वेळी विचारा. धर्माने तिला दिलेला हक्क आपण नावापुरता ठेवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला इतकेच सांगतो की जुने नाटक म्हणजे परीक्षेपुरते ओझे नव्हे. पुढच्या सत्रात आपण आणखी एक नाटक घेऊ. कोणते, ते तुम्ही सुचवा. भद्रेश्वर दीक्षितासारखी माणसे गल्लीत कुठे दिसतात, ते नीट पाहून ठेवा; काम करताना उपयोगी पडेल.